दोन ब्रेकच्या गाडीतून मंडलेश्वर

इंदूरहून महेश्वर-मंडलेश्वरला जायचं असेल तर आता कुणाला काही विचारावं लागत नाही. रुंद रस्ता आहे, सकाळी पोहे खाऊन निघालात तर दुपारच्या जेवणाआधी नर्मदेच्या पायऱ्यांवर बसाल. आम्ही गेलो ते नव्वदच्या दशकात, आणि नर्मदा बघायला नाही, मला दाखवायला. मंडलेश्वरच्या दिघ्यांचं स्थळ आलं होतं. मुलाच्या आईचे गुडघे दुखत, म्हणून मुलीकडचेच आम्ही निघालो. बसने जायचं की गाडीने, यावर घरात आठवडाभर खल चालला. आई म्हणे गाडीने, बसमध्ये साडीचा बोळा होतो आणि गाडी असलेली माणसं वेगळी दिसतात. बाबा म्हणत बसने. दोघांच्याही हट्टाचं कारण ती गाडीच होती.

गाडी म्हणजे ती आठशे सीसीची छोटी. नाव लिहीत नाही. तुमच्याकडे नसेल तर शेजारच्यांकडे नक्की होती. माझे वडील इंदूरच्या एका कापड मिलच्या टाइम ऑफिसात होते, कामगारांची हजेरी मांडायचे. मिल बंद पडली. जे काही हाती आलं त्यात आईच्या पाटल्या घालून बाबांनी ही गाडी सेकंडहँड घेतली आणि पोलोग्राउंडच्या एका वर्कशॉपमध्ये डाव्या सीटपुढे दुसरा क्लच, दुसरा ब्रेक बसवून घेतला. टपावर पत्र्याचा पिवळा बोर्ड चढला: मोटर ड्रायव्हिंग स्कूल. मिलच्या मागच्या भिंतीलगतचा रस्ता आता ओसाडच होता. तिथे सकाळी सातपासून शिकवणी चाले.

शिकायला कोण येत होतं? त्याच मिलचे विणकर. पंचेचाळीस-पन्नाशीची माणसं, उभं आयुष्य मागावर गेलेलं, आता स्टिअरिंग धरून घामाघूम व्हायची. त्याच सुमारास बाजार खुला झाला होता आणि इंदूरच्या सेठ लोकांच्या दारात नव्या गाड्या येऊ लागल्या होत्या. गाडी आली की ड्रायव्हर लागतोच.

ही एवढीशी डबी ड्रायव्हर लोकांना इतकी का आवडली, असं मला अजून लोक विचारतात. मायलेज, कुठल्याही टपरीवर मिळणारे पार्ट, सगळं खरं आहे. पण मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. तिचं बॉनेट पुढे उतरतं, त्यामुळे समोरचा रस्ता थेट चाकापाशी दिसतो. क्लच हलका. गल्लीत एका बाजूला गाय आणि दुसऱ्या बाजूला हातठेला असला तरी निघते. बंद पडली तर किल्ली फिरवताच चालू होते, रुसत नाही. नवशिक्याला तिने अशी चार वेळा माफी दिली की तो जन्मभर तिचा. मग सेठ विचारी, ‘‘कौन-सी लूँ रे?’’ आणि आमच्या बाबांच्या हाताखालून गेलेला माणूस तिचंच नाव घेई. जिच्यावर पाय बसला तीच गाडी चांगली, याहून मोठं संशोधन मला कुणी दाखवलेलं नाही.

बाबांना मात्र तिची लाज वाटे. शिकवताना नाही, तेव्हा तर ते रंगात येत. पण नातेवाइकांत, लग्नाकार्यात कुणी विचारलं की खाली बघून म्हणत, ‘‘मिलमध्येच.’’ त्यात माझी दोन स्थळं ‘‘अच्छा, ड्रायव्हिंग शिकवतात का?’’ एवढं म्हणून परत गेली होती. त्यामुळे दिघ्यांना मिल चालू असल्याचं कळवलेलं होतं. मी चोवीस वर्षांची होते, तिसरं स्थळ हातचं जाऊ नये असं मलाही वाटत होतं. मी गप्प बसले.

दिवाळीनंतरचा रविवार होता. गल्लीत बोर्ड काढला असता तर दहा जणांनी कारण विचारलं असतं, म्हणून बोर्डासकट निघालो. महू मागे पडल्यावर एका शेताच्या कडेला बाबांनी गाडी थांबवली आणि पाना काढला. आई सावलीत उभी राहून रस्त्याकडे लक्ष ठेवत होती, आपण चोरी करतोय अशा थाटात. एक ट्रकवाला हळू होत ओरडला, ‘‘क्या हुआ मास्टर, गाड़ी बिगड़ गई?’’ बाबा म्हणाले, ‘‘नहीं भिया, सब ठीक.’’ बोर्ड चादरीत गुंडाळून डिकीत गेला. डाव्या पॅडल्सवर आईने नवा टॉवेल पसरला.

मानपूरचा घाट उतरताना तेव्हा ट्रकांची रांग लागायची. या गाडीने जाणार असाल तर बाबांचा सल्ला ऐका: ज्या गियरने चढाल त्याच गियरने उतरा, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. घाटाच्या तोंडाशी बायका सीताफळांच्या टोपल्या घेऊन बसतात. एक टोपली घ्या, घासाघीस करू नका, परतेपर्यंत संपते. धामनोदला चहा आणि गरम भजी स्वस्तात मिळाली. तिथून हायवे सोडून डावीकडे वळलं की आधी महेश्वर लागतं, मग मंडलेश्वर.

दिघेकाका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. मोकळा माणूस, मोठ्याने हसणारा. काकूंनी शिरा केला होता. मुलगा अविनाश खरगोनला बँकेत होता, माझ्याकडे बघण्यापेक्षा माझ्या बशीत चिवडा वाढण्यात त्याचं जास्त लक्ष होतं. मला तो आवडला, हे सांगून टाकते.

‘‘मिल काय म्हणते?’’ काकांनी विचारलं. ‘‘ऐकतो की बऱ्याच बंद पडल्या.’’

‘‘आमची चालू आहे,’’ बाबा म्हणाले. ‘‘एक पाळी.’’

मी शिऱ्याची बशी खाली ठेवली. इथवर सगळं पत्रात होतं, आता ते बाबांच्या तोंडून ऐकू येत होतं.

जेवणं झाल्यावर काका उठले. ‘‘गाडी आहेच तर महेश्वरचा घाट दाखवून आणू तुम्हाला. चला.’’ वडीलधाऱ्या माणसाला पुढची सीट द्यायची, ही आपल्याकडची रीत. आई ‘‘तुम्ही मागे आरामात बसा ना,’’ म्हणेपर्यंत काका पुढे बसलेसुद्धा. आम्ही तिघी मागे, अविनाश स्कूटरवर आमच्या मागून.

गाडीत बसलेल्या घाबरट माणसाची एक सवय असते. समोर काही आलं की तो जमिनीवरच पाय दाबतो, जणू तिथे ब्रेक आहे. महेश्वरच्या बाजारात उतारावर एक म्हैस आडवी आली आणि काकांनी तसाच पाय दाबला. फक्त या गाडीत तिथे खरंच ब्रेक होता. गाडी जागच्या जागी थांबली, काकू माझ्या अंगावर आल्या, मागून अविनाशची स्कूटर बंपरला येऊन टेकली. म्हैस शांतपणे निघून गेली.

काकांनी टॉवेल बाजूला केला. ‘‘हे हो काय?’’

आई मागून म्हणाली, ‘‘ते होय? हिला शिकवायला लावून घेतलं. ह्यांना म्हटलं, मुलीच्या जातीला रिस्क नको.’’

आई इतक्या सहज खोटं बोलू शकते, हे मला तोवर माहीत नव्हतं. काका खूश. ‘‘अरे वा, हिला गाडी येते! मग येताना हीच चालवेल.’’ बाबांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

महेश्वरचा घाट तुम्ही फोटोत पाहिलाच असेल. किल्ल्याच्या दारातून खाली उतरलं की एकदम सगळी नदी समोर येते. नाववाले मागे लागतात. भाव आधी ठरवा, आणि उन्हं कलल्यावर जा. पायऱ्या दुपारी तापतात. वरच्या बाजूला हातमागांची खटखट ऐकू येत होती. मला वाटतं बाबांनीही ती ऐकली, कारण ते चालता चालता थांबले होते.

तेवढ्यात पायऱ्यांवरून कुणीतरी हाक मारली, ‘‘मास्टरजी!’’

कैलाश भिया होता. आमच्या मिलचा विणकर, बाबांच्या पहिल्या शिकणाऱ्यांतला. सेठच्या घरच्यांना घेऊन आला असणार. पांढरा स्वच्छ शर्ट, बोटात किल्ली. तो धावत आला आणि सगळ्यांसमोर बाबांच्या पायांना हात लावला. आनंदाने त्याचा चेहरा फुलला होता. ‘‘अरे मास्टरजी, आप इधर? देखो, वो खड़ी है गाड़ी, अपनी वाली ही है, मैंने ही बोला सेठ को...’’

‘‘हे कोण?’’ काकांनी विचारलं.

‘‘मिलमधला,’’ बाबा घाईने म्हणाले. ‘‘आमच्या डिपार्टमेंटचा. सगळे मास्टरच म्हणतात तिथे.’’

कैलाश थांबला. त्याने काकांकडे पाहिलं, मग नव्या साडीतल्या माझ्याकडे, मग अविनाशकडे. त्याला दोन मुली होत्या. समजायला त्याला वेळ लागला नाही.

‘‘हाँ साब,’’ तो काकांना म्हणाला. ‘‘मिल में ही हूँ। साब हाजरी लगाते हैं हमारी।’’

‘‘कैसी चल रही है मिल?’’ काकांनी आपुलकीने विचारलं.

कैलाशचे मिलमधले पैसे अडकलेले होते. त्याच्या बायकोने त्या वर्षी पापड लाटून घर चालवलं होतं, हे आम्हाला ठाऊक होतं. त्याने किल्ली मुठीत धरली आणि म्हणाला, ‘‘बढ़िया चल री हे साब। एकदम बढ़िया।’’

मग ‘‘सेठ बुला रहे होंगे,’’ म्हणून तो वर निघून गेला. बाबा नदीकडे तोंड करून उभे राहिले. मला त्या पायऱ्यांवर इतकी लाज वाटली की पाण्यात उतरून दिसेनासं व्हावंसं वाटलं. ज्या माणसाने भर घाटावर बाबांना मान दिला, त्याच्याच तोंडून आम्ही हे वदवून घेतलं होतं. आणि मी ‘‘बाबा, सांगून टाका,’’ एवढे तीन शब्दही बोलले नाही.

परत मी चालवली. बाबा मागे, काका पुढेच. मंडलेश्वरपर्यंत काका अधूनमधून ब्रेक दाबत होते आणि स्वतःच हसत होते. मी चांगली चालवली, कारण लहानपणी जसा झोपाळा माहीत असतो तशी मला ती गाडी माहीत होती; बाबांनी सगळ्यांआधी मलाच शिकवलं होतं. उतरताना काका म्हणाले, ‘‘आमच्याकडून हो समजा. अशी धीट मुलगी हवीच होती.’’ आईने डोळे पुसले. बाबांनी हात जोडले, तेही जरा जास्तच वाकून.

येताना घाटात टोपली पायांशी तशीच होती. सीताफळं कुणी सोलली नाहीत. आईने एकदा ‘‘झालं ते बरंच झालं, आता परेशान होऊ नका,’’ म्हणून पाहिलं. बाबा म्हणाले, ‘‘मी कुठे काय बोलतोय?’’

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दारात चार-पाच जण उभे, काही शिकणारे, काही शिकून सेठकडे लागलेले. कैलाश नव्हता. त्याने महेश्वरचं कुणाला सांगितलेलं नव्हतं, तेही त्यांच्या बोलण्यावरून कळलंच. त्यांना फक्त रविवारी बिटियाला दाखवायला नेणार एवढं माहीत होतं.

‘‘जम गया क्या मास्टरजी?’’ त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्कर माणसाने, अंबारामजींनी विचारलं.

‘‘हो, जमलं,’’ बाबा म्हणाले.

आमच्या ओट्यावर जो गलका झाला तो काय सांगू! अंबारामजींनी बाबांना मिठीच मारली. ‘‘तो अब सुनो। बिदाई की गाड़ी का भाड़ा-वाड़ा नहीं देना। अपन सब अपने-अपने सेठ से माँग लेंगे, एक दिन की तो दे ही देंगे। सारी की सारी यही गाड़ी, एक के पीछे एक। पूरा इंदौर देखेगा मास्टरजी की लड़की जा री हे!’’ दुसरा म्हणाला पुढची गाडी मीच चालवणार, तिसरा म्हणाला तुझा रिव्हर्स अजून कच्चा आहे, तू शेवटी राहा. सगळे हसले.

बाबा म्हणाले, ‘‘बघू.’’

लग्न माघात झालं. आम्ही त्यांच्यापैकी एकालाही बोलावलं नाही. बोलण्याच्या ओघात कुणाच्या तरी तोंडून निघून जाईल, अशी आईला भीती वाटत होती, आणि मलाही. बाबांनी त्यांना तारीखच सांगितली नाही. दोन दिवस तब्येतीचं कारण देऊन स्कूल बंद ठेवली. मी भाड्याच्या गाडीतून सासरी गेले. चालवणारा माणूस ओळखीचा नव्हता.

सासऱ्यांना सगळं कळलं ते पहिल्याच वर्षी, कुठून तरी. मी घाबरून समोर उभी राहिले. ते म्हणाले, ‘‘अगं मग सांगायचं ना! शिकवतात म्हणजे चांगलंच काम आहे. चोरी थोडीच केली?’’ आणि पेपर वाचायला लागले. एवढंच. त्यांनी ओरडायला हवं होतं, असं मला वाटलं.

महेश्वरला तुम्ही जरूर जा. गाडी लहान असली तर बाजारातून थेट किल्ल्याच्या दारापर्यंत नेता येते. मी त्यानंतर पुष्कळदा गेले, पण त्या पायऱ्यांवर फार वेळ बसवत नाही.

लग्नानंतरच्या आठवड्यात मी घरी फोन केला होता. बाबांना विचारलं, स्कूल सुरू झाली का? म्हणाले, ‘‘झाली. सगळे आले वेळेवर.’’

‘‘काही म्हणाले?’’

‘‘नाही ग. गल्लीत मांडव दिसला असेलच त्यांना. आले, गाडी पुसली, शिकून गेले.’’ मग फोन ठेवता ठेवता म्हणाले, ‘‘एकाने तरी विचारायला हवं होतं.’’