चाळीस कुंड्यांचा दौरा

"ती फांदी आधी टेबलावरून उचला," गुप्ते साहेब खुर्ची मागे ओढत म्हणाले. "काय आहे ते? बुरशी?"

"बुरशी नाही सर. कीड आहे. जिवंत आहे."

हे ऐकल्यावर त्यांनी चहाचा कपही लांब सरकवला.

फांदी जास्वंदीची होती. मी तेव्हा मानपाड्याच्या एका केमिकल कंपनीत हॉर्टिकल्चर असिस्टंट होते. नव्वदच्या आसपासची गोष्ट. कंपनीच्या तीन जागा: मानपाड्याला कारखाना, ठाकुर्लीला स्टाफ कॉलनी आणि ठाण्याला हेड ऑफिस. तिन्हीकडची झाडं माझ्याकडे होती आणि मी गुप्ते साहेबांकडे. ते अ‍ॅडमिन मॅनेजर. कँटीन, झाडूवाले, टेम्पो आणि झाडं असं सगळं त्यांच्या एकाच खात्यात. त्यातली झाडं तेवढी युनियन करत नाहीत म्हणून ती त्यांना आवडायची.

पण आता झाडांवरून तक्रार आली होती. कॉलनीच्या गेटजवळ बदामाच्या झाडाखाली ऑफिसर लोक स्कूटर लावत. रोज सकाळी सीट चिकट व्हायची, वर काळी काजळी धरायची. पँटी खराब झाल्या. कुंपणाची जास्वंद गेटपासून वाळत चालली होती, तिच्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता. पँटींबद्दल मात्र सात जणांच्या सह्यांचं पत्र आलं.

"त्या बाईचं दुर्लक्ष आहे," गुप्ते साहेब म्हणाले. "पाणी घालत नाही. झाडं वाळणार नाहीत तर काय?"

ती बाई म्हणजे सुमनबाई गायकवाड. कॉलनीची माळीण. सात वर्षं रोजंदारीवर. नवरा गेल्यापासून घर तिच्यावर, दोन मुली शाळेत. तिला परमनंट करायची फाइल तेव्हा ठाण्याला गेली होती आणि तिथून एकच शेरा मागवला होता: काम समाधानकारक आहे किंवा नाही. शेरा गुप्ते साहेब लिहिणार होते. "नाही" लिहिलं असतं तर फाइल तर बंद झालीच असती, वर तिची रोजंदारीही गेली असती.

मी त्यांना समजावायला गेले. तुम्हालाही सांगते, कारण पुढचं सगळं यावर आहे. या किडीला खवले कीड म्हणतात. फांदीवर खपली धरावी तशी ती दिसते, म्हणून ती कीड आहे हेच लोकांना पटत नाही. मादी एका जागी चिकटून बसते, अंगावर मेणाचं कवच चढवते आणि जन्मभर झाडाचा रस ओढते. जास्तीचा रस चिकट पाण्यासारखा खाली टपकतो. तेच स्कूटरच्या सीटवर पडत होतं. त्या चिकट्यावर काळी बुरशी वाढते, ती काजळी. पाणी कमी घातलं म्हणून कीड येत नाही आणि जास्त घातलं म्हणून जात नाही.

"मग औषध मारा की!"

औषध त्यांनी आधीच मारलं होतं, मला न विचारता. कँटीनमधली झुरळं मारणारा माणूस पंप घेऊन कॉलनीत पाठवला होता. कवचाखालची कीड सुरक्षित राहिली. पानं करपली, आणि कीड खाणारे बारीक ढालकिडे होते ते मेले. वर साहेबांनी बदामाच्या खोडाला गेरू आणि चुन्याचे पट्टे ओढून घेतले. म्हणजे खोडावरची कीडही रंगवून झाली. झाड तपासायला मला दोन दिवस गेरू खरवडावा लागला.

मी किडीचे नमुने दापोलीच्या कृषी कॉलेजात माझ्या जुन्या सरांकडे पाठवले. त्यांचं पोस्टकार्ड आलं. ही आपल्या भागातली नाही, बाहेरून आणलेल्या रोपांबरोबर आलेली दिसते, इथले ढालकिडेही तिला पुरे पडणार नाहीत, कुठून आली ते आधी शोध. पण कॉलनीत दोन वर्षांत एकही नवं रोप लावलेलं नव्हतं. मी कुंपणाच्या कडेने चार फेऱ्या मारल्या आणि काही सुचेना म्हणून गेटपाशी बसले.

सुमनबाई शेजारी येऊन उभी राहिली. "मॅडम, एक बोलू? रागावू नका."

"बोला ना."

"हे इथनंच सुरू झालंय. गेटपासनं. आणि तिकडं क्लबच्या दारापासनं. मधली जास्वंद बघा, चांगली हाय. साहेबाच्या कुंड्या ठेवतो ना आपण, तितंच लागलंय."

माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं. शिकलेली मी, आणि फांद्या भिंगाखाली धरून बसले होते.

साहेबाच्या कुंड्या म्हणजे काय ते सांगते. दर दोन-तीन महिन्यांनी आमचे डायरेक्टर साहेब तिन्ही जागा एका दिवसात बघायला येत. सकाळी कारखाना, दुपारी कॉलनीत जेवण, संध्याकाळी ठाणे. त्यांना हिरवळीची आवड होती. गुप्ते साहेबांनी बाहेरच्या राज्यातल्या नर्सरीतून चाळीस कुंड्या मागवल्या होत्या, पाम आणि क्रोटन. कारखान्यात साहेबांचा चहा चालू झाला की मागच्या गेटने कुंड्या टेम्पोत चढत आणि साहेबांच्या आधी ठाकुर्लीत उतरत. साहेब जेवायला बसले की त्याच कुंड्या ठाण्याला निघत. साहेब तिन्हीकडे म्हणत, व्वा, काय ग्रीनरी! असं दोन वर्षं चाललं होतं. तीन जागांची हिरवळ एका टेम्पोत मावत होती, आणि या कामाबद्दल गुप्ते साहेबांचं दरवर्षी कौतुक होत होतं.

मी कारखान्यात जाऊन कुंड्या पाहिल्या. पानं वरून आरशासारखी लख्ख. दौऱ्याआधी त्यांना खोबरेल तेलाचा बोळा फिरवायची ऑर्डर होती. वरूनच फिरवायची, कारण साहेब वरूनच बघत. पान उलटं केलं आणि खाली खवल्यांची रांग. चाळीसपैकी एकतीस कुंड्यांत. या किडीची फक्त नवी पिल्लं चालतात, तीही हातभर अंतर. मानपाड्याहून ठाकुर्लीला जायला तिला टेम्पोच लागतो, आणि तो आम्ही पुरवत होतो.

मी रिपोर्ट लिहिला. कुंड्या वेगळ्या ठेवाव्यात, तीन महिने हलवू नयेत, जास्त किडलेल्या जाळाव्यात. जास्वंद छाटून ब्रशने घासून साबणाचं पाणी मारावं, पिल्लं बाहेर पडतील तसं पुन्हा पुन्हा मारावं. माळीणबाईंचा यात दोष नाही.

गुप्ते साहेबांनी तो वाचला आणि लाल पेन काढलं.

"बारा तारखेला व्हिजिट आहे. कुंड्या हलवू नयेत म्हणजे? साहेबांना काय दाखवू, भिंत?"

"सर, कीड तिथूनच..."

"आणि हे टेम्पोचं काय लिहिलंय? हे वर गेलं तर मला विचारतील, टेम्पो कशाला? अहो सामंत मॅडम, तुम्ही झाडांचं बघा. हे अ‍ॅडमिनिस्ट्रेशन आहे."

कुंड्यांचा परिच्छेद गेला. टेम्पो गेला. माळीणबाईंचा दोष नाही, हे वाक्यही गेलं. कारणाच्या रकान्यात त्यांनी स्वतः लिहिलं: अज्ञात. आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

मी सही केली. लाज वाटते सांगायला, पण केली. माझंही प्रोबेशन चालू होतं. मी मनाची समजूत घातली की अज्ञात म्हणजे निदान कुणाचं नाव तर नाही.

सुमनबाईला मी हे सांगितलं तेव्हा ती खुरपं पुसत होती. तिने ते पुसून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "अज्ञात म्हंजी मीच ना, मॅडम? दुसरं कोण हाय तितं?"

त्या दिवशी मी घरी जेवले नाही. तिला राग आला असता तर बरं वाटलं असतं.

बारा तारीख आली. गुप्ते साहेबांनी मला ठाण्याला उभं केलं होतं, डायरेक्टर साहेबांनी झाडांची लॅटिन नावं विचारली तर सांगायला. चार वाजता टेम्पो आला. चाळीस कुंड्या लॉबीत लागल्या. तेल पुन्हा एकदा फिरलं. साडेचारला डायरेक्टर साहेब आले, पांढरा शुभ्र शर्ट, खूष दिसत होते.

"गुप्ते, तुमची ग्रीनरी एकदम युनिफॉर्म आहे हां. फॅक्टरीत पण हेच, कॉलनीत पण हेच."

"स्टँडर्ड ठेवलंय सर."

फोटो काढायचा ठरलं. साहेब दोन पामच्या मधे उभे राहिले, फोटोग्राफर म्हणाला जरा आत सरका, ते सरकले आणि त्यांचा हात पानांत गेला. बाहेर आला तेव्हा बाही कोपरापर्यंत काळी आणि चिकट. त्यांनी बोटं एकमेकांना लावून पाहिली. ती सुटेनात.

"हे काय आहे?"

गुप्ते साहेबांचं तोंड उतरलं. पण अशा वेळी कुणाचं तरी नाव पुढे करायची त्यांना इतकी सवय होती की ते आपोआपच झालं. "सॉरी सर. ती ठाकुर्लीची माळीण आहे, अगदी निष्काळजी बाई. तिचा रिपोर्ट मी देतोच आहे. तिच्यामुळे ही कीड लागलीय."

साहेब रुमालाने हात पुसता पुसता थांबले. "ठाकुर्लीची? मग ठाण्यात काय करते ती?"

गुप्ते साहेब जवळची कुंडी सरळ करू लागले.

"ती बाई इथे येते?"

मी दोन पावलं पुढे झाले. धैर्य वगैरे काही नव्हतं. 'निष्काळजी' हा शब्द मात्र मला ऐकवेना.

"सर, बाई येत नाहीत," मी म्हटलं. "कुंड्या येतात."

साहेबांनी चाळीस कुंड्यांवरून नजर फिरवली, मग काचेबाहेर उभ्या टेम्पोकडे पाहिलं.

"सकाळी पण ह्याच?"

"हो सर."

"आणि जेवायला?"

"ह्याच सर. कीड या कुंड्यांबरोबर आलीय आणि टेम्पोतून तिन्हीकडे गेलीय. कॉलनीत ती कुठून पसरली ते त्या माळीणबाईंनीच शोधलं. माझ्या रिपोर्टात होतं. ते खोडलं गेलं, आणि खोडलेल्यावर मी सही केली."

मला वाटलं होतं साहेब गुप्तेंना फाडून खातील. तसं काही झालं नाही. मोठ्या माणसाला आपण दोन वर्षं त्याच पामला व्वा म्हणत होतो हे चारचौघांत वाढवायचं नसतं. ते एवढंच म्हणाले, "ओरिजिनल रिपोर्ट उद्या माझ्या टेबलवर पाहिजे," आणि बाही दुमडून गाडीत बसले.

मूळ रिपोर्ट गेला. एकतीस कुंड्या कारखान्यामागे जाळल्या. कॉलनीची जास्वंद सुमनबाईने आणि मी गुडघाभर छाटली, दर आठ दिवसांनी घासली, साबणाने धुतली. पावसाळ्याच्या तोंडावर तिला नवी पालवी फुटली. बदाम वाचला, पण दोन मोठ्या फांद्या गेल्या. स्कूटरवाल्या सातांपैकी एकानेही नंतर कधी झाडाकडे मान वर करून पाहिलं नाही.

शेरा "समाधानकारक" असा गेला. सुमनबाई परमनंट झाली. ऑर्डर हातात घेऊन तिने ती मला वाचून दाखवायला लावली, दोनदा.

गुप्ते साहेबांना काय शिक्षा झाली असं लोक विचारतात. त्यांना प्रमोशन मिळालं. कुंड्या टेम्पोने फिरवू नयेत अशी सूचना आली होती, ती त्यांनी मनापासून पाळली. एका सेटऐवजी तीन सेट मागवले. त्याच नर्सरीतून. या नोकरीत मी एक गोष्ट शिकले: कवचाखाली बसलेल्यावर फवारा मारून उपयोग नसतो, त्याची वाहतूक तेवढी बंद करता येते.

नवे सेट आले त्या दिवशी दुपारी मला कारखान्यात गुप्ते साहेबांचा फोन आला. ते कॉलनीच्या गेटवरून बोलत होते, आवाज चढलेला.

"सामंत, तुमच्या बाईंनी माझा टेम्पो अडवलाय! एकेक पान उलटं करून बघतायत. म्हणतात पंधरा दिवस कुंड्या बाहेर राहतील, मग आत. माझं ऐकत नाहीत! यांना कोणी विचारलं?"

मागून सुमनबाईचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. "साहेब, हात लावू नका. ह्या पानाखाली दोन खवले दिसत्यात."

"सर," मी म्हटलं, "त्यांचं ऐका. त्या आता परमनंट आहेत."