अकरा चाकं

शेठनं मला लाथ मारली, आईवरून शिवी दिली, असलं काही ऐकायला बसला असाल तर उठा. त्यानं मला खुर्ची दिली.

धरमतर बंदरावरची शेठची वखार. आमचे अकरा जुने डायवर भाताच्या पोत्यांवर बसलेले, आणि मी, विशीतला पोरगा, खुर्चीवर. आमच्या घरात खुर्चीवर बसलेला मी पहिला. कशामुळं, तर सातवी फायनल पास. शेठच्या लॉऱ्या चालवणारे आम्ही सोळा जण, त्यात वाचता येणारा मी एकटा.

नऊ दिवस लॉऱ्या उभ्या होत्या. मागणी एकच. पावसाळ्यात बंदर बंद झालं की शेठ डायवरला घरी पाठवायचा, आणि दिवाळीला मर्जी असली तर परत घ्यायचा. ते थांबवा. आम्हाला कायम करा. सगळ्यांना. दाऊदचाचा आमचा पुढारी. माझे हात धरून मला गाडी शिकवली ती त्यानंच. नवव्या दिवशी त्यानं सांगितलं, शेठ वाकला, कागद तयार हाय, तू वाचायला चल.

आता माझी एक खोड. मी नकला करतो. शेठची, मुनीमाची, पेणच्या फौजदाराची. संपात रोज मीच सगळ्यांना हसवायचो. ते शेठच्या कानावर गेलेलं.

"वाच ने भाई," शेठ म्हणाला. "पण असा न्हाय. माझ्या आवाजात वाच. आमी पण हसू जरा."

मी काय, तयारच. पोट पुढं काढलं. आवाज नाकात नेला. "कलम पयला. धनी आणि डायवर बापलेकावानी राहतील..." शेठ हसला. मुनीम हसला. मग आमचेही हसले. मी चढलो. चौथं कलम तर एका दमात म्हणून टाकलं. खाली ज्यांच्या निशाण्या ते कायम. मागल्या दोन सालांत लागले ते, आणि इथून पुढं लागतील ते, बदली. कायमवाला आजारी पडेल त्या दिवशी बदलीला काम. बदलीनं कायमपणा मागू नये.

शेवटचा शब्द बाहेर पडला आणि मला कळलं. मागल्या दोन सालांत लागलेले म्हणजे आम्ही पाच जण. पाचातला एक मी.

"काय फर्स्टक्लास वाचला!" शेठ डोळे पुसत होता. "सोताच सोताला वाचला!"

मी पोत्यांकडं बघितलं. कुणी दचकलं नव्हतं. म्हणजे ठाऊक होतं. दाऊदचाचा टोपी काढून तिच्या आत बघत बसलेला. माझं पोट अजून पुढंच होतं. ते आत घेतलं.

बाकीचे चौघे बाहेर लॉऱ्यांपाशी. आतलं हसणं ऐकून त्यांना वाटलं असेल, काम फत्ते.

मग निशाण्या. सही येत नाही तो निशाणी काढतो. कुणबी नांगर काढतो, आम्ही चाक ठरवलेलं. अकरा जणांनी अकरा चाकं काढली. काही अंड्यासारखी झाली. पण नुसत्या निशाणीला कोण विचारतो? शेजारी लिहिता येणाऱ्यानं लिहावं लागतं, निशाणी अमक्याची, दस्तुर तमक्याचा, म्हणजे अक्षर त्याचं. आणि चाचानंच अट घातलेली, मुनीमावर भरोसा नाही, दस्तुर आपल्या माणसाचा पाहिजे.

आपला माणूस मीच.

मुनीमानं टाक बुडवून पुढं केला. "लिही रे, बदली."

नाव घेतलं नाही. बदली.

मी टाक खाली ठेवला. "लिहिणार न्हाय."

"हा कुणाचा आवाज काढला?" शेठ अजून हसतच होता.

"माझा."

बाहेर येऊन चौघांना सांगितलं. वाटलं, चवताळतील. एक म्हणाला, "बदली तर बदली. काम तरी हाय ना?" बाकीचे दुसरीकडं बघायला लागले. मी धक्क्यावर जाऊन उभा राहिलो. ओहोटी लागलेली, नुसता चिखल. एवढी माणसं बंदरावर, आणि माझ्याजवळ कुणी येईना.

आला तो चाचा. आला तो ओरडतच.

"हरामखोरा! अकरा घरं अडकवलीस एका टाकापायी! लॉरीला हँडल मारून मारून माझी कंबर गेली, आता मला कोण ठेवंल? तू जवान हाईस, तुला कुठंबी लागंल. या दिवसासाठी शिकवला व्हता तुला? नकल्या तो नकल्याच! शरम न्हाय वाटली?"

"तुला वाटली व्हती का, चाचा, मी वाचताना?"

"मला न्हाय वाटत. भूक लागली का कळंल तुला. जा, लिहून ये."

"सोळा चाकं काढा. मग लिहितो. तोवर माझा हात त्या कागदाला लागायचा न्हाय."

चाचा थुंकला. "मग आजपासनं मला चाचा म्हणू नको."

म्हटलं नाही. लिहिलंही नाही.