चेहरा जुळत नाही

आई आमच्या गावची अंगणवाडी सेविका. पोंभुर्ण्याहून आत, जंगलाच्या कडेला आमचं गाव. मी चंद्रपूरला कॉम्प्युटर सायन्स शिकते, म्हणून गावात कोणाचाही मोबाईल अडला की तो माझ्याकडे येतो. परीक्षा संपवून घरी आले, तर दुसऱ्याच दिवशी आई म्हणाली, "चाल माह्यासंगं. ते नवीन अ‍ॅप मले समजून नाई राह्यलं."

गरोदर बाईला पोषण आहाराचं पाकीट द्यायचं, तर आधी तिच्या आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येणार. मग तिचा फोटो काढायचा, आणि तो आधारवरच्या फोटोशी जुळला तरच पाकीट.

बहुतेक बायकांचं जमलं. शेवटी राहिली आमच्याच ओळीतल्या घरची सून. सातवा महिना. नवरा मिरची तोडायला तेलंगणात गेलेला. दरवर्षी दोघं जायची, यंदा ती मागे राहिली. घरात फोन एकच, तो त्याच्याकडे.

मी त्याला फोन लावला. तो वावरात होता.

"नंबर आला का?"

"थांबा ताई, पाह्यतो."

मागे कोणीतरी तेलुगूत त्याला हाका मारत होतं. त्याने आकडे सांगितले तोवर वेळ संपली. दुसऱ्यांदा आवाजच तुटला. तिसऱ्यांदा जमलं, तेव्हा आम्ही तिघी हसलो.

मग चेहरा. आधार काढलं तेव्हा ती शाळेत होती, दोन वेण्या घालणारी, गोल गालांची. आता गाल बसले होते. मी कॅमेऱ्याची काच पुसली, तिला दारात उजेडाला उभं केलं, पदर मागे घ्यायला लावला, टिकली काढायला लावली. डोळे मिचकाव म्हटलं, तिने मिचकावले. दर वेळी अक्षरं तीच यायची: चेहरा जुळत नाही.

"मंग मी कोण आहो?" तिने विचारलं. थट्टेने नाही.

डोळ्यांमधलं अंतर, नाकाची लांबी, या सगळ्याचे आकडे करून दोन चेहरे कसे ताडून पाहतात, हे मी त्याच सत्रात शिकले होते. त्यावरचा पेपरही चांगला गेला होता. आत काय चाललंय ते मला ठाऊक होतं, आणि त्याचा तिला काडीचा उपयोग नव्हता.

आईने पर्यवेक्षिकाबाईंना फोन केला. "म्याडम, इले आम्ही रोज पाह्यतो. लगन होऊन आली तवापासून."

"मलाही पटतं हो बाई," त्या म्हणाल्या. "पण नोंद झाल्याशिवाय माझ्या हातात काही नाही."

पाकिटं आईच्या पाठीमागच्या लोखंडी कपाटात होती. आईने कपाटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी फोनमध्ये डोकं घालून बसले.

ती चार दिवस येत राहिली. चौथ्या दिवशी म्हणाली, "राहू द्या बाई. उनात उभं राहून पाय सुजून राह्यले." मग मी तिला बसने तालुक्याला आधार केंद्रावर नेलं. नवा फोटो काढला, पण तो कधी चढेल हे तिथल्या माणसालाही सांगता येईना. आई रोज संध्याकाळी उकडलेली अंडी नाहीतर चणे वाटीत झाकून त्यांच्या घरी नेऊन द्यायची. त्याची नोंद कुठेच करायची नव्हती.

कॉलेज सुरू झालं. तंत्रज्ञानाने आपलं जीवन कसं बदललं यावर सरांनी लिहून आणायला सांगितलं. घरबसल्या शिक्षण, दूरच्या डॉक्टरचा सल्ला, बाजारभाव, सगळं मी लिहिलं. खोटं काही नव्हतं. आमच्या ओळीतल्या सुनेला मात्र त्यात कुठे बसवावं ते कळेना. शेवटी तिच्याविना कागद देऊन टाकले.

दोन महिन्यांनी आईचा फोन आला. "पोरगी झाली तिले. वजन कमी आहे थोडं."

"आणि फोटो?"

"जुळला ना मागच्या हप्त्यात. पण आता गरोदरच्या यादीतून नाव निघालं. बाळंतिणीची नवीन नोंद करा म्हणते अ‍ॅप. पुन्हा ओटीपी." नवरा अजून मिरचीवरच होता. आई पुढे म्हणाली, "तुह्या कॉलेजात शिकवतेत ना असे अ‍ॅप? जे बनवतेत त्याईले सांगून पाह्य ना."

"सांगते," मी म्हटलं. कोणाला सांगायचं, ते मला ठाऊक नव्हतं.