धाकटीच्या बिल्डिंगचा हेवा

धाकट्या बहिणीच्या साड्यांचा, नवऱ्याचा, मुलांच्या मार्कांचा मला कधी हेवा वाटला नाही. वाटला तो तिच्या बिल्डिंगचा, आणि तोही साठी उलटल्यावर. कसबा पेठेतली सहा बिऱ्हाडांची ती बिल्डिंग; ना लिफ्ट, ना वॉचमन. आम्ही खराडीत आठव्या मजल्यावर फ्लॅट घेतला तेव्हा मी तिला आमचा पोहण्याचा तलाव मुद्दाम दोनदा दाखवला होता.

आमच्या सोसायटीत सुरुवातीला एकच कमिटी होती. पार्किंगवरून भांडणं झाली, तेव्हा पार्किंगची निघाली. मग कुत्र्यांची, कचऱ्याची, मग या कमिट्यांची आपापसांतली भांडणं मिटवणारी. सेक्रेटरी मी. एकही नियम उगाच केलेला नव्हता, प्रत्येकामागे खरी अडचण होती. पण अडचणीवर माणूस नेमायचा आणि त्या माणसावर दुसरा, यातच सगळ्यांचा जीव मेटाकुटीला आला. मोठमोठी राज्यं बुडतात ती अशीच बुडत असणार. शत्रू येतो तो नंतर, आयत्या बिळावर.

यंदा उन्हाळ्यात लिफ्ट बंद पडली. लिफ्टवाली कमिटी म्हणाली, मंजुरी द्या. हिशेबवाली म्हणाली, आधी कोटेशनं आणा. ह्यांचे गुडघे आधीच गेलेले, हे घरातच अडकले. ज्यांना जमलं त्यांनी फ्लॅट भाड्याने देऊन काढता पाय घेतला. मग मीटिंगला कोरम भरेना, आणि मंजुरी आणखी लांबली.

त्याच सुमारास एकदा धाकटीकडे गेले होते. पाण्याची मोटार बिघडली. तिने गॅलरीतून नुसती हाक मारली, "अहो, मोटार बंद पडलीय हो!" समोरचे काका पाना घेऊन खाली उतरले. चहा निवायच्या आत नळाला पाणी आलं. ना अर्ज, ना ठराव. माझा नुसता जळफळाट झाला. आणि हिला त्याचं काही कौतुकही नाही!

शेवटी लाज सोडून विचारलं, "तुमच्या तळमजल्यावरच्या खोल्या रिकाम्या आहेत ना गं? आम्ही येऊ का राहायला?"

ती कपबशा विसळत होती. "भाऊजींना उद्याच घेऊन ये," ती म्हणाली. "तुझं मात्र बाकीच्यांना विचारावं लागेल, ताई. तू आलीस की महिन्याभरात इथे कमिटी निघेल."

हसून म्हणाली असती, तर मी भांडले तरी असते.