विहिरीत उतरणारे मामा

माझे थोरले मामा विहिरी उपसायचे. पाणी तळाला गेलं की दोराने खाली उतरायचं, गाळ भरून वर पाठवायचा, बुजलेले झरे मोकळे करायचे. लोक त्यांना बेडूक म्हणत. मामी म्हणायची, "बेडूक निदान पावसाळ्यात तरी बोलतो. हे बारा महिने मुके!"

वस्तीच्या कडेला तेव्हा फळबागा होत्या आणि बागेगणिक विहीर. पाऊस झाडांखालच्या भुसभुशीत मातीत मुरायचा, त्यामुळे झरे जिवंत असत. थोरले खाली उतरत, धाकटे मामा वर दोर सांभाळत. कामाला तोटा नव्हता.

मग बागा विकल्या गेल्या. झाडं पडली, प्लॉट पडले, घरं उठली. अंगणात फरशी, रस्त्यावर काँक्रीट. पाण्याला मुरायला बोटभर माती उरली नाही. बोअर खोल खोल जात राहिले आणि विहिरींनी मान टाकली. त्यात गटारं नव्हती, म्हणून ज्याने त्याने संडासासाठी शोषखड्डा खणला. ती घाण पाझरत विहिरींत उतरू लागली. मामा घरी आले की मामी त्यांना दारातच थोपवायची. "आधी अंघोळ. मग घर."

एका उन्हाळ्यात बोअरही आटले. तेव्हा कॉलनीवाल्यांना कोपऱ्यातली जुनी विहीर आठवली. मामांनी पेटता कंदील दोराने आत सोडला. तो अर्ध्यावरच विझला.

"हवा मेलीये," मामा म्हणाले. "आज उतरायचं नाही. मोठा पंखा लावून आधी हवा खेळवू."

"अहो दादा, लोक सकाळपासून ताटकळलेत," धाकटे म्हणाले. "वाऱ्याने विझला असेल."

"विहिरीत कुठला रे वारा?"

मामा पंखा मागायला गेले. परत आले तेव्हा कठड्याभोवती गर्दी होती आणि दोर खाली ताणलेला होता. हाकेला ओ नव्हती. मामा तसेच आत झेपावले, पण चौघांनी त्यांना धरून ठेवलं. धाकट्यांना अग्निशमनवाल्यांनी वर काढलं. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता, पण श्वास थांबला होता.

"दोर सोडून गेलातच कसे, भाऊजी?" धाकट्या मामीने एवढंच विचारलं. त्यानंतर ती त्यांच्याशी बोलायची बंद झाली.

कॉलनीने विहीर राडारोड्याने बुजवली आणि वर गाड्या लावायला जागा केली. मामांनी धंदा सोडला. पुढच्या पावसाळ्यात कॉलनीत गुडघाभर पाणी तुंबलं. मामांचा विहिरी उपसायचा पंप घरी पडून होता, तो मागायला माणसं आली.

"देऊ नका," मामी म्हणाली.

"घेऊन जा," मामा म्हणाले. "पण पाणी टाकणार कुठे?"

त्याचा विचार कुणीच केला नव्हता. कॉलनीवाल्यांनी ते उताराकडे सोडलं. खालच्या चाळीत धाकटी मामी राहायची. तिच्या खोलीत काळं पाणी शिरलं. गाद्या, पीठ, पोरांची पुस्तकं, सगळं भिजलं.

मामा धावत गेले. न विचारता उंबरठ्याशी बसले आणि बादलीने पाणी बाहेर फेकू लागले. जितकं फेकत, तितकंच पुन्हा आत येत होतं. धाकटी मामी बराच वेळ खाटेवर पोरांना घेऊन बसून होती. मग पदर खोचून उतरली, पातेलं घेतलं आणि त्यांच्या शेजारी वाकली. बोलली मात्र नाही.