पेपराआडची वाघीण

मनमाड स्टेशनात पॅसेंजरच्या खिडकीशी बसले आणि गाडी हलायच्या आत मी तोंडासमोर पेपर धरला. अठरा वर्षांची होते, नाशकात मास्तरीण व्हायला निघाले होते. खिडकीबाहेर आई उभी, आणि मी वाचत होते कांद्याचे बाजारभाव. केवढी ती विदुषी!

"इकडं बघ ना गं एकदा," आई म्हणाली. मी पान उलटलं.

कारण मी वाघीण होते ना! पाच वर्षांची असताना रेल्वे क्वार्टरच्या कठड्यावरून पडले आणि रडले नाही. झालं! दादा, म्हणजे माझे वडील, कॉलनीभर सांगत सुटले, "आमची शांता रडत नाय. वाघीण हाय ती." आई तेवढी म्हणाली, "वाघीण कसली? पोरीचा श्वास अडकलाय." तिचं कुणी ऐकलं नाही. मी तर मुळीच नाही.

नाशकाने माझं 'लय' काढून घेतलं, 'खूप' दिलं. नोकरी, फ्लॅट, नातवंडं दिली. वाघीण मात्र तशीच. शेवटच्या दुखण्यात आई म्हणाली, "माझ्यापाशी तरी रड की बाई." मी तिची उशी सारखी केली. ती गेली त्या दिवशी मी आल्यागेल्याला चहा विचारत होते. लोक म्हणाले, काय खंबीर बाई! मला, मेलीला, बरं वाटलं.

गेल्या वर्षी नातीने गंगापूर रोडला झेन ध्यानाच्या बैठकीला नेलं. आम्ही बौद्ध, वंदना तोंडपाठ, पण गप्प बसणं कुणाला ठाऊक! तिथे सगळे भिंतीकडे तोंड करून बसतात. शिकवणारी मुलगी नातीच्याच वयाची. मी तिला ऐटीत सांगितलं, "मी रडत नाही हं." तिने विचारलं, "आजी, हे तुम्हाला कुणी सांगितलं? त्याआधी तुम्ही कोण होतात?"

"त्याआधी चड्डी ओली करत होते," म्हटलं. सगळे हसले. मग बसलो.

भिंतीवर पोपडा आला होता. त्याच्याकडे बघता बघता पाच वर्षांची मी दिसले. तोंड उघडं, आवाज फुटत नाही, आणि वरून दादांची शाबासकी. आईचं खरं होतं. मी नुसती घाबरले होते. आणि मग रडू आलं, चांगलं हुंदके देऊन. आवाज ऐकून कुणीतरी वळेल म्हणून मी मान फिरवली. कुणी वळलं नाही. तिथली रीतच तशी. खोलीभर नुसत्या पाठी.

तेव्हा कळलं, खिडकीबाहेरून आईला काय दिसलं असेल.

तुम्ही तिकडे मनमाडलाच राहिलेले आणि माझ्यासारखे निघून आलेले, सगळे विचारता, शांताबाई, तुमचं घर कुठलं? क्वार्टरमध्ये आता दुसरं कुणी राहतं. फ्लॅटच्या दारावर माझी पाटी आहे. पण घर म्हणजे मला खिडकीबाहेरची ती हातभर जागा, जिथे आई उभी होती. मी रोज भिंतीसमोर बसते आणि मनातल्या मनात तो पेपर खाली घेते. फलाट दिसतो. आई दिसत नाही. तिचा त्या दिवशीचा चेहरा मी पाहिलाच नव्हता, तर आठवणार कुठून?