बाराची दुर्बीण

माझ्या बाबांनी माझ्याकडे आयुष्यात एकदाच काहीतरी मागितलं. लेकीकडून काही घ्यायचं नाही, हा त्यांचा हट्ट. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी त्यांच्यासाठी स्वेटर नेला, तर त्याच्या किमतीपेक्षा जास्त पैसे माझ्या हातात कोंबून मोकळे झाले. असा माणूस २००३ साली एका रविवारी फोनवर घसा खाकरत म्हणाला, "तिकडे शिकारीच्या दुकानांत दुर्बिणी चांगल्या मिळतात म्हणे. फार महाग नसेल तर बघ."

मी अमेरिकेत, नोव्हायच्या आमच्या अपार्टमेंटच्या किचनमध्ये उभी होते. फोन ठेवला आणि ढसाढसा रडले. आई जाऊन वर्ष झालं होतं, भंडाऱ्याजवळच्या आमच्या गावी बाबा एकटे होते आणि मला जाता येत नव्हतं. नवऱ्याचं ग्रीन कार्ड लटकलेलं, व्हिसा संपलेला. गेलो आणि परतताना वकिलातीत नव्या व्हिसाच्या स्टॅम्पिंगला अडकलो तर त्याची नोकरी गेलीच समजा. आई गेली तेव्हासुद्धा मी गेले नव्हते. हे मी सहसा कुणाला सांगत नाही.

बाबा शाळामास्तर. गावाबाहेर मोठा तलाव आहे, थंडीत तिथे लांबलांबची बदकं उतरतात. फॉरेस्टमधल्या मित्राची दुर्बीण उसनी आणून बाबा पहाटेपासून काठावर बसायचे. लहानपणी मीही तीन-चारदा गेले असेन, पण सगळा वेळ घरी चला म्हणून भुणभुण करण्यात घालवला. पुढे तो मित्र वारला आणि दुर्बीणही गेली.

मी कमवत नव्हते. डिपेंडंट व्हिसावर नोकरीची मुभा नसते. नवरा म्हणाला, लागेल तेवढी महाग घे. तो मनापासून म्हणाला होता, पण माझंच मन धजेना. जावयाच्या पैशाची वस्तू म्हटल्यावर बाबांनी हातसुद्धा लावला नसता. घरखर्चातून मागे टाकलेले शंभर डॉलर होते, त्यातच बसवायचं असं मी ठरवलं.

खालच्या मजल्यावर एक म्हातारा अमेरिकन राहायचा. दर नोव्हेंबरला हरणाच्या शिकारीला जायचा. मी चातुर्मासात कांदाही न खाणाऱ्या घरातली, पण गरज पडल्यावर कसला विधिनिषेध! मी त्याचं दार वाजवलं. तो खुशीत मला दुकानात घेऊन गेला. भिंतीवर ओळीने हरणांची मुंडकी टांगलेली. मी मान खाली घालून काउंटर गाठलं.

त्याने शिकवलं ते असं. दुर्बिणीवर दोन आकडे असतात. पहिला म्हणजे वस्तू किती पट मोठी दिसते, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाची रुंदी. पैसे कमी असतील तर आठ-बेचाळीस घे, तो म्हणाला. पहाटे भिंगातून उजेड आत आला पाहिजे. आणि दुर्बीण जितकं मोठं दाखवते, तितकी हाताची थरथरही मोठी होते. मला दारापर्यंत नेऊन त्याने पार्किंगच्या टोकाच्या काळोख्या झुडपात बघायला लावलं. समोरच्या पाटीकडे बघू नकोस, पाटी कुठल्याही दुर्बिणीतून छानच दिसते, म्हणाला.

पण शेजारीच बारा पटीची ठेवली होती आणि किंमत तीच! आता तुम्हीच सांगा, आठ आणि बारा एकाच भावात मिळत असतील तर आपल्यातलं कोण आठ घेईल? भाजीवर कोथिंबीर मागून घेणारी माणसं आपण. मी बारा उचलली. म्हाताऱ्याने नुसते खांदे उडवले. याला काय कळतंय भाव करणं, असं मला गाडीत बसताना वाटलं.

इंडियाला जाणाऱ्या एका काकूंच्या बॅगेतून दुर्बीण रवाना झाली. त्यांनी ती दोनदा वजन करून मगच घेतली. पुढच्याच महिन्यात बाबांचा आवाज बदलला. दर रविवारी नवी बातमी असायची. आज तलवार बदकं आली, आज थापट्यांचा थवा, आज चक्रवाकाची जोडी, अगदी डोळ्यातलं बुबुळ दिसतंय. मी सिंकमधली भांडी तशीच टाकून ऐकत राहायचे. खिडकीबाहेर बर्फ पडत असायचा आणि मला बाबांच्या शेजारी, त्या काठावर, थंडीत बसायचं असायचं. दुसरं काहीच नको वाटायचं. चार हिवाळे मी तो तलाव फोनवर ऐकला.

२००७ मध्ये कार्ड आलं आणि त्याच डिसेंबरात मी गेले. दुसऱ्याच दिवशी सकाळी आम्ही तलावावर पोचलो. बाबांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. त्यांचे दोन्ही हात कोपरापासून थरथरत होते.

"ती बघ, चक्रवाकाची जोडी," ते म्हणाले.

त्यांचा रोख होता तिथे बुडालेल्या बाभळीचं खोड तेवढं वर आलेलं होतं. दुसरं काही नव्हतं.

"बाबा, यातून कधीपासून दिसत नाहीये?"

त्यांनी दुर्बीण खाली घेतली. मग म्हणाले, "पहिल्यापासूनच. हात कुठे स्थिर राहतात आता? पण मी तोंडाने मागितलेली वस्तू, पोरीने एवढ्या लांबून पाठवलेली. तिच्यात खोट काढू?"

हळूहळू सगळं कळलं. रविवारी सकाळी ते पक्ष्यांचं पुस्तक उघडून बसायचे आणि मला काय काय सांगायचं ते ठरवायचे. मला त्यांचा राग आला, माझा त्याहून जास्त आला. आठची पाठवली असती तर निदान काहीतरी दिसलं असतं त्यांना. मी म्हटलं, दुसरी पाठवते. ते नको म्हणाले. दुर्बिणीचा पट्टा त्यांनी माझ्या गळ्यात अडकवला.

"तू बघ आणि मला सांग."

मी बघितलं. लांब पाण्यावर बरीच बदकं होती. मला एकाचंही नाव येत नव्हतं.

"तपकिरी आहेत," मी म्हणाले.

"डोकं कोणत्या रंगाचं? चोच कशी?" बाबांनी डोळे मिटून घेतले. "नीट बघ. घाई करू नकोस."

माझं परतीचं विमान नऊ दिवसांवर होतं.